भाऊबीजेच्या आधीचे नाटक

नागपूरच्या सणासुदीला मारबतीपासून, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या मिरवणुकीपासून, तोंड फुटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, १८८१ पासून निघणारी काळी आणि १८८५ पासून निघणारी पिवळी मारबत ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्यांत शहराच्या जुन्या वस्तीतून बाहेर पडली, की मग गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, दीक्षाभूमीवरचा जनसागर आणि दिवाळी यांमध्ये शहराला श्वास घ्यायची फुरसत उरत नाही. याच दिवसांत इथले काही नट-नट्या, गायक, वादक, शिवणकाम करणारे, रंगभूषाकार आणि माझ्यासारखे दिवे लावणारे लोक भाऊबीजेकडे डोळे लावून बसलेले असतात. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत नाटकाचा पडदा उघडू लागतो आणि होळीच्या आसपासपर्यंत कुठल्या ना कुठल्या गावी तो उघडत राहतो. त्या पहिल्या पडद्याची तयारी नागपुरात कशी होते हे मी गेली अनेक वर्षे जवळून पाहत आलो आहे. ती पाहिल्याशिवाय त्या रंगभूमीविषयी कोणी मत बनवू नये, असे मला वाटते.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडे सांगणे भाग आहे. झाडीपट्टी म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा आणि जंगलाचा मुलूख. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हे जिल्हे आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा काठ त्यात येतो. दिवाळीच्या सुमारास हलके धान हाती येते, बांध्या, म्हणजे धानाची शेते, मोकळ्या होऊ लागतात, घरात थोडा पैसा खुळखुळतो आणि गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मंडईला लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे जमतात, उपवर मुलामुलींच्या गोष्टी निघतात. दिवसा दंडार, म्हणजे नाचगाण्यांचा लोकखेळ, रंगते, पुढे थंडीच्या दिवसांत काही गावांत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, हाही भरतो आणि रात्री नाटक असते. घरात माणसे मावत नसताना वीस पाहुण्यांना झोपवायचे कुठे, हा प्रश्न रात्रभर चालणारे नाटक परस्पर सोडवून टाकते, असे मी गमतीने म्हणतो. पण त्या गमतीत बरेच तथ्य आहे. शंकरपट २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबला, २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये त्याचा कायदाही न्यायालयात टिकला. मधल्या वर्षांत पट नव्हता तेव्हाही नाटक मात्र होतेच.

या साऱ्या व्यवहाराची पेठ म्हणजे वडसा. नगर परिषदेच्या दप्तरी गावाचे नाव देसाईगंज असले, तरी रेल्वे स्टेशनावर आणि नाटकवाल्यांच्या तोंडी ते वडसाच आहे. तिथे नाट्यमंडळांची कार्यालये आहेत, बाहेर रंगीत पोस्टरांची रांग असते, आणि गावोगावच्या मंडळांचे कार्यकर्ते येऊन पोस्टरे पाहत, भाव करत, तारखा पक्क्या करतात. नागपूर या पेठेला माणसे पुरवते. एके काळी झाडीपट्टीत स्त्रीभूमिका पुरुषच करत असत. पुढे बायका रंगमंचावर आल्या आणि त्यांतल्या कितीतरी नागपूरच्या होत्या, आजही आहेत. त्यांच्याबरोबर गाणाऱ्या, नाचणाऱ्या, ऑर्गन आणि तबला वाजवणारे, अलीकडे सिंथेसायझर आणि ऑक्टोपॅड सांभाळणारी मुलेही इथूनच जातात. म्हणून पितृपक्ष संपता संपता नागपुरातल्या ठरावीक घरांत फोन वाजू लागतात. प्रश्न एकच असतो: ‘यंदा कोणाकडे?’ त्यात निर्माता कोण, नाइट किती, गाडीत पुढची सीट मिळणार की मागची, एवढे सगळे विचारून झालेले असते. नाइट म्हणजे एका प्रयोगाची बिदागी, हे नाटकवाल्यांना सांगावे लागत नाही.

नाटकाचे नाव आधी ठरते आणि नाटक नंतर. हे वाचून आमच्या प्रायोगिकवाल्या मित्रांच्या भुवया उंचावतात, पण त्यामागे साधा हिशेब आहे. गावाचे मंडळ पोस्टर पाहून तारीख देते, तेव्हा पोस्टर आधी हवे. पोस्टरवर नाव हवे. आणि त्या नावात कुंकू, माहेर, सून, भाऊ, सावकार, माती यांपैकी एखादा तरी शब्द असला म्हणजे पोस्टर लांबूनही बोलते. पोस्टरसाठी फोटो काढण्याचे काम एका वर्षी नंदनवन भागातल्या एका लहानशा स्टुडिओत झाले आणि दिवे धरायला मी गेलो होतो. नायिकेच्या डोळ्यांत ग्लिसरीन घातले होते, कपाळावरचे कुंकू अर्धे पुसले होते, आणि ती बिचारी पुन्हा पुन्हा विचारत होती, ‘दादा, पण मी रडते कशासाठी?’ संहितेची अजून दहा पानेही झालेली नव्हती. फोटोग्राफर शांतपणे म्हणाला, ‘ते मंग ठरन ताई. तुमी रडा.’ ती रडली, फोटो उत्तम आला, आणि त्या फोटोला शोभेल असे कारण लेखकाला पुढे शोधावे लागले.

विनोद बाजूला ठेवला, तर लेखकाचे काम सोपे नसते. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचे, त्यात गाणी, नाच आणि विनोदी प्रवेश ठरल्या अंतराने यायचे, हुंडा-दारू-जमिनीची वाटणी यांसारखा विषय घरातल्या म्हातारीपासून पोरापर्यंत सगळ्यांना पोचायचा, आणि सार्वजनिक प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्रही लागायचे. त्यातच गावाच्या कमिटीचे फोन. ‘हसवणारा कोण आहे?’ हा पहिला प्रश्न आणि ‘रडवणारी कोण?’ हा दुसरा. एखाद्या गावाच्या अटीही असतात: गेल्या वर्षी सासू वाईट दाखवली होती, यंदा नको, गावातल्या सासवा रुसल्या आहेत. लेखक ते सगळे वहीत टिपून घेतो. हे पाहून मला लेखकाची कीव येत असे. आता येत नाही. आपला प्रेक्षक नाटक लिहून होण्याआधीच आपल्याशी भांडतो आहे, हे भाग्य आमच्या शहरी लेखकांच्या वाट्याला कुठे येते?

तालमीला जागा मिळवणे ही नवरात्रातली मोठी कसरत असते. एरवी मोकळी असणारी समाजभवने, देवळांची सभागृहे, शाळांचे वर्ग या दिवसांत गरब्याच्या सरावाने आणि भजनी मंडळांनी व्यापलेले असतात. मग कोणाच्या तरी घराच्या गच्चीवर, नाही तर बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर तालीम सुरू होते. गेल्या एका वर्षी आमच्या खाली गरबा आणि वर नाटक असा प्रकार झाला. बापाच्या मरणाचा प्रवेश आणि खालचा ढोल यांची लय इतकी जुळून आली, की ऑर्गनवाल्याने शेवटी त्याच तालात पार्श्वसंगीत बसवून टाकले आणि ते पुढे हंगामभर तसेच राहिले.

या तालमी मोजक्या दिवसांच्या असतात. कारण नाट्यमंडळ एकाच नाटकावर चालत नाही. एका गावाला गेल्या वर्षीचे गाजलेले हवे असते, दुसऱ्याला नवे कोरे, तिसऱ्याला संगीत नाटकाच्या वळणाचे. नटाला एका वेळी तीन-चार नाटके अंगात बाळगावी लागतात. शिवाय कोणी आजारी पडले, तर शेजारच्या मंडळातला नट संध्याकाळी उसना घेऊन रात्री उभा करावा लागतो. पाठांतरावर हा गाडा चालणे शक्यच नाही. तो चालतो प्रॉम्प्टरवर, आणि या लेखात मला सगळ्यात जास्त ज्याच्याविषयी सांगायचे आहे, तो माणूस हाच आहे.

आमच्या मंडळाचे प्रॉम्प्टर काकाजी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, खिशात तीन पेन आणि मांडीवर हाताने उतरवलेली संहिता. छापील प्रत त्यांना चालत नाही. प्रत्येक नाटक ते स्वतःच्या अक्षरात उतरवून काढतात. पात्राचे नाव लाल शाईत, संवाद निळ्या शाईत, आणि समासात केवळ त्यांनाच कळतील अशा खुणा. पहिल्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसलो, तेव्हा माझी समजूत अशी होती, की नट अडला म्हणजे प्रॉम्प्टरने वाक्य पुरवायचे. काकाजींनी माझ्याकडे दयेने पाहिले. म्हणाले, ‘विसरल्यावर सांगाचं नसते बाबू. विसराच्या आधी सांगाचं असते.’

म्हणजे काय, हे त्यांच्या ओठांकडे पाहत राहिल्यावर कळले. नट एक वाक्य बोलत असताना ते पुढच्या वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द सोडतात. संपूर्ण वाक्य देत नाहीत, कारण पूर्ण वाक्य ऐकणारा नट ते नुसते परत म्हणतो आणि त्याचा आवाज सपाट होतो. दोन शब्द मिळाले की बाकीचे त्याला स्वतः ओढून आणावे लागतात आणि त्या ओढण्यात अभिनय येतो. कोणत्या नटाला किती द्यायचे, हेही ठरलेले आहे. आमच्या खलनायकाला फक्त पहिले अक्षर पुरते. नायिकेला क्रियापद आधी द्यावे लागते. विनोदी नटाला तर काहीच द्यायचे नाही, कारण तो तसाही संहितेतले बोलत नाही. त्याला फक्त परत कुठे यायचे ते सांगायचे. समासातल्या त्या खुणा याच होत्या. पानाच्या कडेला टिंब असेल तिथे नायिका पाणी पिते, दोन टिंबे असतील तिथे टाळी येण्याची शक्यता आहे तेव्हा थांबा, आणि गोल असेल तिथे नटाची सवयच चुकीच्या प्रवेशात उडी मारण्याची आहे, त्याला धरून ठेवा.

शिवाय रंगमंचावर वरून माईक लटकलेले असतात. प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या कानाला लागला पाहिजे आणि माईकमध्ये शिरता कामा नये. काकाजी त्यासाठी घशातून बोलत नाहीत. दातांच्या मागून, श्वासावर शब्द सोडतात. तालमीत ते मला गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उभे करत आणि विचारत, ‘आला का?’ मधे बसलेल्या कोणाला ऐकू आलेले नसे आणि मला स्पष्ट येत असे. हे त्यांना कसे साधते, ते मला आजही समजलेले नाही. नाट्यशास्त्राच्या कुठल्या अभ्यासक्रमात या विद्येला जागा असेल तर माझ्या पाहण्यात आलेली नाही, आणि काकाजींच्या मागे ती कोण चालवणार, याची चिंता त्यांच्यापेक्षा मलाच जास्त वाटते.

प्रॉम्प्टिंग म्हणजे कच्चे नाटक, ही टीका मी नागपुरात पुष्कळ ऐकली आहे. ती करणाऱ्यांना मी एवढीच आठवण करून देतो, की ज्या १८४३ सालच्या सांगलीतल्या प्रयोगापासून आपण मराठी रंगभूमीचा प्रारंभ मोजतो आणि ज्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबरला नटराजपूजन करतो, त्या विष्णुदास भाव्यांच्या खेळांत पदे तेवढी रचलेली असत. पदे सूत्रधार गाई आणि गद्य संवाद पात्रे आयत्या वेळी आपल्या पदरचे बोलत. त्या अर्थी झाडीपट्टीचा आमचा विनोदी नट त्या परंपरेच्या आपल्या सगळ्यांपेक्षा जवळ आहे. रंगभूमी दिनाच्या सुमारास दिवाळी आली, की नागपुरातल्या नटराजपूजनाला निम्मे रंगकर्मी हजर नसतात, कारण ते वडशाच्या वाटेवर असतात.

कपडेपटाकडे येतो. ही जबाबदारी एका मावशींकडे आहे. त्यांचा मुक्काम नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर असतो आणि तिथे पत्र्याच्या पेट्यांमधून वाट काढत जावे लागते. दसऱ्याच्या आधी त्यांची गांधीबागेच्या कापड बाजारात फेरी असते. त्यांच्याबरोबर खरेदीला जाणे हे एक शिक्षणच आहे. दुकानदार भारी साडी पुढे करतो, मावशी ती दुकानाबाहेर नेऊन रस्त्याच्या पलीकडे एका पोराच्या हातात धरायला लावतात आणि डोळे बारीक करून पाहतात. ‘महाग असून काय कराचं? शेवटच्या चटईवरच्या बाईले काठ दिसला पायजे,’ हा त्यांचा निकष. म्हणून त्यांच्या पेटीत बारीक नक्षी सापडत नाही. रुंद काठ, ठसठशीत रंग आणि फिका निळा अजिबात नाही, कारण तो झगमगाटात पांढराच दिसतो आणि विधवा नसलेली बाई विधवा वाटू लागते.

नऊवाऱ्या त्या शिवून घेतात. निऱ्या, कासोटा सगळे जागच्या जागी टाचलेले, मागे रुंद नाडी. लावणी करून आत आलेली बाई पुढच्या प्रवेशात गरीब आईच्या वेशात जायची असते आणि मधे एका गाण्याच्या कडव्याएवढा वेळ असतो. चेन कुठेही लावत नाहीत. चेन अडकली की प्रवेश अडकतो, म्हणून सगळीकडे दाबाची बटणे. आणि ब्लाऊज सगळे दोन बोटे सैल. मी कारण विचारले तर म्हणाल्या, ‘पुसात थंडी पाहिली का तिकडची? आतून गरम बनियन घालाव लागते.’ डिसेंबर-जानेवारीतल्या उघड्या बांधीतल्या रात्री ज्यांनी काढल्या आहेत त्यांनाच त्या दोन बोटांचे मोल कळेल. समोर प्रेक्षक घोंगड्या आणि रजया पांघरून बसलेले असतात आणि वर नायिका पावसात भिजल्याचा अभिनय करत असते.

रंगभूषेत बदल झाला आहे. खोबरेल तेलात कालवलेला सफेदा आणि पिवडी यांचे दिवस गेले, पॅनकेक आणि मोबाइलवर पाहून केलेला मेकअप आला. मला त्याचे वाईट वाटत नाही. त्वचेचे हाल थांबले. पडद्यांचे मात्र वाटते. रस्ता, जंगल, महाल, झोपडी असे हाताने रंगवलेले पडदे गुंडाळून गाडीच्या टपावर जात, त्या जागी आता छापील फ्लेक्स आले आहेत. फ्लेक्स स्वस्त आहे, हलका आहे, पावसात भिजत नाही, हे सगळे मान्य. पण त्यावर दिवा टाकला की तो चमकतो आणि जंगलाच्या मधोमध माझ्या दिव्याचा पांढरा डाग उठतो. मी त्यावर बरेच उपाय केले, दिवे कडेने मारून पाहिले, समोर जाळी लावली. शेवटी निर्मात्याला सांगितले, की एक तरी पडदा रंगवून घ्या. तो म्हणाला, रंगवणारा म्हातारा आता ब्रश धरत नाही. हा संवाद तिथेच संपला.

दिव्यांची तयारी म्हणजे मुख्यतः जनरेटरची तयारी. गावातला विजेचा दाब रात्री कसा वरखाली होईल याचा भरवसा नसतो, म्हणून माझ्या यादीत उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरच्या आधी जाड वायर, फ्यूज, चिकटपट्टी आणि दोन चांगल्या विजेऱ्या येतात. इथे प्रकाशयोजना अशी ढोबळच ठेवावी लागते. दुःखाला निळा, स्वप्नाला गुलाबी, खून झाला की लाल. शहरात मी असे केले तर परीक्षक माझे गुण कापतील.

परीक्षकांचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगतो. राज्य नाट्य स्पर्धेची तयारीही याच दिवसांत भरात असते, आणि मी दोन्हीकडे असतो. संध्याकाळी सातला एका संस्थेच्या तालमीला, रात्री दहाला आमच्या गच्चीवर. नागपूर केंद्राची फेरी लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो आणि त्या स्पर्धेने या शहराला नट दिले, दिग्दर्शक दिले, यात वाद नाही. तिथे दोन-अडीच महिने एका नाटकावर घासूनपुसून काम चालते. एका पॉझवर अर्धी संध्याकाळ खर्ची पडते. मला ते मनापासून आवडते. पण तो प्रयोग बहुधा एकदाच होतो. पुढच्या फेरीत गेला तर दोनदा, आणि त्यानंतर नेपथ्य कोणाच्या तरी गॅरेजमध्ये पडून राहते. इकडे चार दिवसांच्या तालमीवर उभे राहिलेले नाटक महिनोन्‌महिने लोकांसमोर घासले जाते आणि जानेवारीत ते असे काही उभे राहते, की दिवाळीतले ओळखू येत नाही. स्पर्धेतल्या मंडळींची तयारी चूक होऊ नये म्हणून असते. झाडीपट्टीवाल्यांनी चूक होणार हे धरलेलेच असते. वीज जाईल, नट येणार नाही, प्रेक्षक ‘वन्स मोअर’ मागून मेलेल्याला उठवेल, तेव्हा काय करायचे याची ती तयारी असते. दोन्हीकडचे लोक एकमेकांना नावे ठेवतात. स्पर्धेवाले म्हणतात, ती नुसती आरडाओरड आहे. झाडीपट्टीवाले म्हणतात, त्यांना तिकीट काढून कोण पाहतो? दोघांचेही थोडे थोडे खरे आहे, आणि दोघांनाही हे सांगितले तर दोघेही रागावतात. २०२३ मध्ये गडचिरोलीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या स्पर्धेच्या तालमीत पेढे वाटले गेले. त्याआधी त्याच मंडळींच्या तोंडी ‘झाडीपट्टी छाप’ ही शिवी होती, हे मी विसरलेलो नाही.

सगळेच मला पटते असे नाही. गावांचा आग्रह आहे म्हणून कथेशी काहीही संबंध नसलेले नाच वाढत चालले आहेत आणि त्यांच्या भाराखाली चांगला लिहिलेला प्रवेश गुदमरतो. बायकांच्या राहण्याची सोय अनेकदा ‘बघू तिथे गेल्यावर’ या एका वाक्यावर उरकली जाते. पैशांचे व्यवहार तोंडी चालतात. एका हंगामाच्या शेवटी एका निर्मात्याने आमच्यातल्या काही जणांच्या शेवटच्या रात्रींचे पैसे बुडवले, आणि लिहून घेतलेले काहीच नसल्यामुळे दाद कुठे मागायची हेही कळेना. तेव्हापासून आमच्या मंडळात तारीख आणि नाइट वहीत लिहून दोन्हीकडची सही घेतली जाते. २०२० च्या दिवाळीत करोनाच्या निर्बंधांमुळे हा बाजार थंडावला, तेव्हा आमच्यातल्या एका गायिकेने घरगुती मेसचे डबे देऊन घर चालवले. या नाटकाला हलके म्हणणाऱ्यांना नागपुरातल्या किती चुली त्यावर पेटतात याची कल्पना नसते.

त्या चुलींपाशी दिवाळी लवकर येते. भाऊबीजेला वडशाला पोचायचे, तर घरची दिवाळी धनत्रयोदशी-नरकचतुर्दशीतच उरकावी लागते. आमच्या नायिकेच्या घरी नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान, आणि लगेच भावाला ओवाळणे. भाऊ दरवर्षी कुरकुरतो, की दिवस चुकीचा आहे. ती दरवर्षी सांगते, की ओवाळणी बरोबर दे म्हणजे झाले. मुलांना आजीकडे सोडायचे, शाळेच्या परीक्षांच्या तारखा फ्रीजवर चिकटवायच्या, चकल्यांचा एक डबा घरी आणि एक गाडीसाठी बाजूला काढायचा. हे सगळे मेकअपच्या पेटीच्या यादीइतकेच काटेकोर असते.

निघण्याच्या दिवशी गाडी भरायलाही एक शास्त्र आहे. जे आधी लागणार ते शेवटी चढवायचे. म्हणजे सगळ्यात तळाशी पडदे, त्यावर कपड्यांच्या पेट्या, मग माझे दिवे, मग वाद्ये, आणि दाराशी नारळ, उदबत्ती, नटराजाची तसबीर. पूर्वी नागपूर-नागभीडच्या छोट्या लाइनीच्या गाडीने कलावंत जात. ती अरुंद रुळांची गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, त्यामुळे आता रस्ताच. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की वडसा. भिवापूरच्या पुढे दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागल्या की आमचा ऑर्गनवाला आपोआप गुणगुणू लागतो.

गेल्या हंगामात नव्या नाटकाचा तिसरा अंक निघायच्या वेळेपर्यंत आला नव्हता. लेखक नागपुरातच होता आणि ‘पाठवतो, पाठवतो’ म्हणत होता. नागभीडला चहासाठी थांबलो तेव्हा कुठे काकाजींच्या फोनवर पानांचे फोटो येऊ लागले. फोनवरून प्रॉम्प्टिंग करायला ते मुळीच तयार नसतात. पडदा काळा होतो, वरून कोणाचा फोन येतो, आणि बाप मरायच्या वेळी गाणे वाजू लागते. त्यांनी टपरीच्या बाकावर वही उघडली, लाल पेन काढले, निळे काढले, नायिकेच्या हातात फोन धरायला दिला आणि उतरवायला बसले. मावशी गाडीतून ओरडल्या, की उशीर होतो आहे. काकाजींनी मान वर केली नाही. चौथ्या पानाशी ते थांबले, पान पुढेमागे करून पाहिले आणि लेखकाला फोन लावला.

‘लेखकसाहेब, तिसऱ्या पानावर बाप मेला आन् चवथ्यावर चहा मागते. मेला का जिता हाये, तेवढं सांगा, मंग पुढं लिवतो.’

पलीकडून लेखक म्हणाला, ‘जिवंत ठेवा काकाजी. कमिटीचा सकाळीच फोन आला होता. मंडईच्या रात्री बाप मारू नका म्हणतात, गावात पाहुणे असतात.’

काकाजींनी तिसऱ्या पानावरचे मरण लाल शाईने खोडले, समासात गोल काढला, आणि खलनायकाला हाक मारून सांगितले, की तुझी तिरडीची एंट्री गेली, आता तुला माफी मागावी लागेल, गाडीत बसल्यावर म्हणून घेऊ.